यूके डेटा सर्व्हिसवरील ‘यंग लाइव्ह्ज’ : मुलांची ओळख कितपत सुरक्षित राहते?

यूके डेटा सर्व्हिस ही ब्रिटनमधील संशोधन-माहितीची सेवा मी पदव्युत्तर वर्गाच्या अध्यापनासाठी आणि विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांसाठी गेली काही वर्षे वापरतो आहे. संकेतस्थळ किती वेगाने चालते, फाइल कोणत्या स्वरूपात मिळते, शोधपेटी किती हुशार आहे, या गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांत माझी विशेष तक्रारही नाही. या परीक्षणात मी एकच बाजू पाहणार आहे. ज्या मुलांची वर्षानुवर्षांची माहिती ही सेवा माझ्यासारख्या परक्या माणसाच्या हाती देते, त्या मुलांची ओळख ती कशी जपते? त्यासाठी उदाहरण घेतले आहे ‘यंग लाइव्ह्ज’ या अभ्यासाचे. कारण मी तोच सर्वाधिक वापरला आहे आणि त्यातील एक चतुर्थांश मुले आपल्या शेजारच्या तेलंगणातली आणि त्यापलीकडच्या आंध्र प्रदेशातली आहेत.

अभ्यासाची ओळख थोडक्यात करून देतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालणारा हा अभ्यास इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांतील सुमारे १२,००० मुलांचा मागोवा घेतो. प्रत्येक देशात दोन गट आहेत : २००१-०२ मध्ये जन्मलेली सुमारे २,००० मुले आणि १९९४-९५ मध्ये जन्मलेली सुमारे १,००० मुले (पेरूमध्ये सुमारे ७००). भारतातील मुले अविभाजित आंध्र प्रदेशातून निवडली होती. २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाल्यावर ती आंध्र प्रदेश आणि तेलंगणा अशा दोन राज्यांत विभागली गेली. पहिली फेरी २००२ मध्ये झाली आणि पुढे २००६-०७, २००९, २०१३ आणि २०१६ अशा फेऱ्या होत गेल्या. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, फोनवरून पाहणी झाली. पहिल्या फेरीत आईच्या कडेवर असलेले मूल आज लग्नाचे, नोकरीचे किंवा बेरोजगारीचे प्रश्न सोडवत असते आणि या सगळ्या प्रवासाची नोंद एकाच सांकेतिक क्रमांकाखाली जमा झालेली असते.

दीर्घकालीन अभ्यासाची सगळी अडचण या एका क्रमांकात आहे. एकदाच होणाऱ्या पाहणीत नाव न विचारताही काम भागते. परंतु तेच मूल पाच वर्षांनी पुन्हा शोधायचे असेल, तर त्याचे नाव, गाव, आईवडिलांची नावे, शेजाऱ्याचा फोन आणि स्थलांतर झाले असल्यास नवा पत्ता, हे सारे कोठेतरी लिहून ठेवावेच लागते. मूल हरवू नये म्हणून त्याची ओळख जपून ठेवायची आणि ती कोणाला कळू नये म्हणून लपवूनही ठेवायची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. यंग लाइव्ह्जने पंधरा वर्षांनंतरही धाकट्या गटातील नव्वद टक्क्यांहून अधिक मुले टिकवून ठेवली, यावरून पत्त्यांची वही किती कसोशीने सांभाळली गेली असेल याची कल्पना येते. ती वही अर्थातच आपल्याला मिळत नाही, आणि या सेवेबद्दल माझे मत चांगले होण्याचे पहिले कारण तेच आहे. संपर्काची माहिती अभ्यास करणाऱ्यांकडे राहते. संग्रहात, म्हणजे या सेवेकडे, येतात ती केवळ उत्तरे.

आता फाइल मिळेपर्यंतचा मार्ग पाहू. या सेवेत माहितीचे तीन स्तर आहेत : सर्वांना खुली, संरक्षित आणि नियंत्रित. यंग लाइव्ह्जच्या मुख्य फाइली मधल्या, म्हणजे संरक्षित स्तरावर आहेत. त्या मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागते, आपण ही माहिती कशासाठी वापरणार ते लिहावे लागते आणि अंतिम वापरकर्ता परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. माहितीतील कोणाचीही ओळख शोधण्याचा प्रयत्न करणार नाही, नोंदणी न केलेल्या कोणालाही फाइल देणार नाही, चुकून कोणाची ओळख उघड झालीच तर ते कळवीन, अशा त्या अटी आहेत. काम झाल्यावर फाइली नष्ट करणे हेही त्यात येते. पैसे पडत नाहीत. भारतातील शिक्षकालाही नोंदणी करता येते; ब्रिटनमधील विद्यापीठाचे खाते नसेल तर स्वतंत्र अर्ज करावा लागतो, एवढेच.

हा परवाना वाचायला कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो न वाचताच मान्य करतात, हे मी विद्यार्थ्यांकडे पाहून सांगू शकतो. तरीही माझ्या मते सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. नाव, गाव आणि जन्मतारीख काढून टाकल्यावर माहिती निनावी झाली असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. ही सेवा तसे समजत नाही. माहितीचे संरक्षण फाइलीत अर्धे आणि वापरणाऱ्याच्या वर्तनात अर्धे असते हे ती गृहीत धरते आणि त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी सही घेते. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयात या शतकाच्या प्रारंभी ‘पाच सुरक्षितता’ नावाची जी चौकट तयार झाली, तिचा आशय हाच आहे. प्रकल्प, माणसे, माहिती, जागा आणि बाहेर येणारे निष्कर्ष या पाचही बाबींचा विचार एकत्र करायचा. एखादी बाब सैल सोडायची असेल तर दुसरी आवळायची. यंग लाइव्ह्जच्या फाइली आपल्या स्वतःच्या संगणकावर उतरवता येतात, म्हणजे जागेची बाब सैल आहे. म्हणून माहिती आधीच गाळून दिलेली आहे.

ती किती गाळली आहे? फाइल उघडल्यावर गावाचे नाव दिसत नाही. वस्ती केवळ क्रमांकाने ओळखली जाते, ती ग्रामीण की शहरी हे कळते आणि प्रदेश म्हणून किनारी आंध्र, रायलसीमा किंवा तेलंगणा एवढाच उल्लेख असतो. मात्र त्या क्रमांकांच्या पलीकडे माहिती विलक्षण दाट आहे. आईचे शिक्षण, घरातील माणसे, जमीन, कर्ज, घरावर आलेली संकटे, मुलाची उंची आणि वजन, शाळा, शब्दसंग्रहाच्या आणि गणिताच्या चाचण्यांचे गुण, जातीचा प्रवर्ग, धर्म असे शेकडो रकाने फेरीमागून फेरी भरत जातात. संशोधकाला हवे असते ते हेच आणि खरा धोकाही येथेच आहे.

माझ्या वर्गात मी या फाइलीवर एक छोटा प्रयोग करून घेतो. कोणाचीही ओळख शोधायची नाही, अशी ताकीद आधी देतो, कारण अन्यथा परवान्याचा भंग होईल. आपण केवळ मोजणार आहोत. सुमारे ३,००० भारतीय मुलांपासून सुरुवात करायची आणि एकेक चाळणी लावत जायची : गट, मुलगा की मुलगी, प्रदेश, ग्रामीण की शहरी, प्रवर्ग, भावंडांची संख्या, वडील हयात आहेत की नाहीत. पाच-सहा चाळण्यांत आकडा एकेरी होतो. विद्यार्थी चमकतात. मग मी विचारतो, हा एकेरी आकडा कोणासाठी धोक्याचा आहे? पुण्यात बसलेल्या आपल्यासाठी नाही, कारण आपल्याला त्या मुलाबद्दल दुसरे काहीच ठाऊक नाही. ज्याला अर्धी माहिती आधीपासून आहे, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे पत्ता आहे. असा माणूस म्हणजे शेजारी, शाळेतील शिक्षक, सोयरीक जुळवणारा नातेवाईक, गावातला सावकार.

म्हणून या सेवेचे परीक्षण मी नेहमी दोन कसोट्यांवर करतो : परक्याची नजर आणि शेजाऱ्याची नजर. परक्याच्या नजरेपासून संरक्षण उत्तम आहे, त्यात मला उणे काढता येत नाही. शेजाऱ्याच्या नजरेपासूनचे संरक्षण मात्र संग्रहाच्या हाती पुरते नाही. भारतात या अभ्यासाची केवळ वीस ठिकाणे आहेत, आणि एका ठिकाणी दोन्ही गट मिळून दीडशेच्या आसपास मुले. दर काही वर्षांनी गावात गाडी येते, टॅब घेतलेली मंडळी ठरावीक घरांतच जातात, मुलांची उंची मोजतात आणि तासन्‌तास बोलत बसतात. ही मुले कोणती हे गावाला ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आपल्याकडेही हेच आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा जो अभ्यास सुरू केला, त्यातील मुले तरुण होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणीला येत राहिली. कोणाचे मूल तपासणीला जाते हे गावात लपून राहणे कठीणच. सहभाग लपत नाही. लपवायची असतात ती उत्तरे.

यंग लाइव्ह्जने या बाबतीत जे केले आहे त्याचे श्रेय संग्रहाला नव्हे, अभ्यास करणाऱ्यांना द्यायला हवे. पण वापरकर्त्याला दोन्ही गोष्टी एकत्रच मिळत असल्याने त्यांचा विचार येथे करतो. त्यांच्या प्रकाशनांत मुलांची आणि वस्त्यांची नावे बदललेली असतात. आणखी एक बारकावा मला फार आवडला. त्यांच्या अहवालांतील छायाचित्रांत दिसणारी मुले ही अभ्यासातील मुले नसतात. तशाच परिस्थितीत राहणारी दुसरी मुले असतात, आणि तसे अहवालात स्पष्ट लिहिलेले असते. आपल्याकडच्या कितीतरी सामाजिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत लाभार्थी मुलीचा ठळक फोटो, तिचे नाव, गाव आणि तिच्या घरातील दारूचे व्यसन हे सारे एकाच पानावर असते. फोटो छान आला म्हणून छापला, एवढाच विचार त्यामागे असतो. त्या पार्श्वभूमीवर ही साधी खबरदारी मोठी वाटते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पेरूमधील फोन-पाहणीत सापडते. टाळेबंदीच्या काळात तरुणांवर घरात होणारी मारहाण वाढली का, हे अभ्यासकांना जाणून घ्यायचे होते. प्रश्न फोनवर विचारायचा होता आणि मारणारी व्यक्ती कदाचित त्याच खोलीत बसलेली असणार होती. थेट प्रश्न विचारला असता तर खरे उत्तर मिळाले नसते आणि मिळाले असते तर उत्तर देणारी मुलगी अडचणीत आली असती. म्हणून त्यांनी यादीची युक्ती वापरली. यात सहभागींचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन भाग करतात. एका भागाला काही साधी विधाने वाचून दाखवतात; दुसऱ्या भागाला तीच विधाने आणि शिवाय मारहाणीचे एक विधान. कोणते विधान खरे ते सांगायचे नाही, किती विधाने खरी आहेत एवढा आकडाच सांगायचा. ‘तीन’ असे उत्तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. परंतु दोन्ही भागांच्या सरासरीतील फरकावरून एकंदर समूहात मारहाण किती आहे याचा अंदाज बांधता येतो.

या युक्तीत कोणत्या मुलीला मार बसला ही माहिती तयारच होत नाही. ती फाइलीत नाही, पत्त्यांच्या वहीत नाही, प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यातही नाही. जे लिहिलेच गेले नाही ते चोरीला जात नाही, न्यायालय मागू शकत नाही आणि शेजारी वाचू शकत नाही. किंमत अर्थात मोजावी लागते. अंदाज सैल येतो, मोठा नमुना लागतो आणि एकेका व्यक्तीच्या पुढच्या आयुष्याशी त्या उत्तराची सांगड घालता येत नाही. दीर्घकालीन अभ्यासाचे सामर्थ्य सांगड घालण्यातच असल्याने हा त्याग लहान नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे. शेजाऱ्याच्या नजरेवर खात्रीचा उपाय हाच आहे आणि तो संग्रहात नव्हे, प्रश्नावली लिहिताना करायचा असतो.

नियंत्रित स्तराबद्दल थोडक्यातच लिहितो. ब्रिटनमध्ये २०००-०२ मध्ये जन्मलेल्या सुमारे १९,००० मुलांचा ‘मिलेनियम कोहोर्ट’ हा अभ्यासही याच सेवेत आहे. त्याच्या नेहमीच्या फाइली संरक्षित स्तरावर मिळतात, परंतु राहत्या भागाची बारीक माहिती हवी असल्यास नियंत्रित स्तरावर जावे लागते. तेथे संशोधकाला प्रशिक्षण आणि परीक्षा द्यावी लागते, काम सेवेच्या सुरक्षित संगणकावर दुरूनच करावे लागते, फाइल आपल्याकडे उतरवता येत नाही आणि तयार झालेला तक्तादेखील कर्मचाऱ्यांनी तपासल्याशिवाय बाहेर येत नाही. एखाद्या चौकटीत फारच थोडी माणसे असतील तर तो तक्ता अडवला जातो. बँकेच्या लॉकरखोलीत बसून दागिने पाहावेत आणि परत ठेवून यावे, तसा हा प्रकार आहे. भारतात बसलेल्या सामान्य शिक्षकाला या स्तराचा उपयोग जवळपास नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही.

संमतीचा मुद्दा मात्र सेवेच्या दृष्टीने अवघड आहे. २००२ मध्ये एक वर्षाच्या मुलाच्या वतीने आईवडिलांनी होकार दिला. पुढे मुले मोठी होत गेली, प्रत्येक फेरीत पुन्हा विचारले गेले, आणि २०२० च्या सुमारास धाकटा गटही सज्ञान झाला. आज एखाद्या तरुणाने पुढच्या फेरीत यायचे नाही असे ठरवले तर तो थांबू शकतो. परंतु त्याच्या पहिल्या पाच फेऱ्यांची उत्तरे जगभरातील संगणकांवर आधीच उतरवली गेलेली आहेत आणि ती परत बोलावण्याचा कोणताही व्यवहार्य मार्ग कोणत्याही संग्रहाकडे नाही. परवान्यातील ‘काम झाल्यावर नष्ट करा’ ही अट यासाठीच महत्त्वाची आहे, पण ती पाळली जाते की नाही हे पाहायला कोणी घरी येत नाही. विश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थेची ही मर्यादा आहे आणि मी तिचे गुण म्हणूनच कापतो.

दुसरी उणीव भाषेची. परवाना इंग्रजीत आहे आणि तोही वकिली इंग्रजीत. ब्रिटिश सेवेकडून मराठी मसुद्याची अपेक्षा करणे गैर ठरेल, परंतु सोप्या इंग्रजीतील एक पानी सारांश सही करण्याआधी समोर येणे अशक्य नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी अटी मराठीत समजावून सांगतो आणि मगच नोंदणी करायला लावतो. प्रत्येकाने आपापली नोंदणी करावी असा माझा आग्रह असतो. वर्गात शिकवण्यासाठी सेवेने वेगळी सोयही ठेवली आहे. एकाने उतरवून पेन ड्राइव्हवरून दहा जणांना देणे हा आपल्याकडचा सहज रिवाज आहे आणि तो येथे चालत नाही. अलीकडे त्यात नवी भर पडली आहे. विद्यार्थी फाइल उचलून थेट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन साधनात टाकतात आणि ‘विश्लेषण करून दे’ म्हणतात. माझ्या वाचनाप्रमाणे ही फाइल तिसऱ्याच्या हाती देणेच झाले. मी ते वर्गात बंद केले आहे.

आपल्याकडचे चित्र सांगितल्याशिवाय तुलना पूर्ण होणार नाही. पूर्वी मी ज्या एका पाहणीत काम केले, तेथे किशोरवयीन मुलींच्या आरोग्याच्या मुलाखती झाल्यावर मुलींची नावे, फोन क्रमांक आणि उत्तरांसह भरलेली एक्सेल फाइल ‘तपासून घ्या’ म्हणून व्हॉट्सअॅपच्या गटावर आली होती. गटात गावातील दोन कार्यकर्तेही होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. घाई होती आणि दुसरी पद्धत कोणी शिकवलेली नव्हती. फाइल काढून टाकायला सांगितले गेले, परंतु तोवर ती कोणाकोणाच्या फोनमध्ये उतरली होती हे आजही कोणी सांगू शकणार नाही.

कायद्याची स्थिती आता बदलते आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संशोधनाला सवलत आहे. मात्र त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, अशी तिला अट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही विचारायला सांगितले आहे. सवलत मिळाली म्हणजे मोकळीक मिळाली असा अर्थ काही संस्था काढतील, अशी मला भीती वाटते. त्यांनी यूके डेटा सर्व्हिसचा परवाना एकदा शांतपणे वाचावा, असे सुचवावेसे वाटते. नमुना म्हणून तो फुकट उपलब्ध आहे.

गुण द्यायचे झाल्यास परक्याच्या नजरेपासूनच्या संरक्षणाला मी पाचपैकी पाच देईन. शेजाऱ्याच्या नजरेसाठी साडेतीन. तेही बहुतांशी अभ्यासकांच्या खबरदारीमुळे. अटी समजावून देण्याच्या पद्धतीला अडीच, आणि उतरवलेल्या प्रतींवरच्या नियंत्रणाला दोन. बालपण, शिक्षण, पोषण किंवा स्थलांतर या विषयांवर काम करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ही सेवा वापरण्याची शिफारस मी निःसंकोच करतो. पहिली फाइल उतरवण्यापूर्वी ती कोठे ठेवणार, तिची दुसरी प्रत कोणत्या क्लाउडवर आपोआप जाते आणि लघुप्रबंध सादर केल्यावर ती कोण, कोणत्या तारखेला पुसणार, हे वहीत लिहून मला दाखवावे असा माझ्या वर्गाचा नियम आहे. या वर्षीच्या सहा वह्यांपैकी चार वह्यांत पुसल्याची तारीख पडली आहे. उरलेल्या दोघांना मी पुढच्या सोमवारी लॅपटॉप घेऊन बोलावले आहे.